चौरस फुटाला १६ रुपये : रंगकामाचा ठेका बुडतो कुठे?

बेळगाव : शहापुरातल्या एका रंगकाम ठेकेदाराने दिवाळीच्या तोंडावर एका ऑफिसचं आतलं काम अंगावर घेतलं. मालासकट चौरस फुटाला १६ रुपये. काम वेळेत संपलं, मालक खूश झाला, उशिरा का होईना बिलही निघालं. पण पोरांची हजेरी भागवायला या गृहस्थांना पिग्मी मोडावी लागली. "काम मिळायलंय, पण हातात काय राहीना," एवढंच ते म्हणाले.

त्यांचं नाव इथे देत नाही, कारण गोष्ट त्यांच्या एकट्याची नाही. वडगाव, अनगोळ, खासबाग, टिळकवाडी, कुठल्याही चहाच्या टपरीवर दोन पेंटर भेटले की हेच रडगाणं ऐकू येतं. शोरूम, दवाखाने, क्लासेस, बँकांच्या शाखा, हॉटेलं यांची आतली कामं वाढली आहेत. तरी ठेकेदार गरीबच. आम्ही त्यांच्या त्या कामाची मापं घेऊन एका संध्याकाळी कागदावर हिशेब मांडला. कोण लबाड हे शोधायचं नव्हतं, पैसा गळतो कुठे ते बघायचं होतं.

बाजार का तापलाय?

आधी थोडी पार्श्वभूमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिर्ला ओपस हा नवा ब्रँड बाजारात उतरला. त्यांचे कारखाने कर्नाटकात चामराजनगरला आणि महाराष्ट्रात महाडला आहेत, म्हणजे आपल्या दोन्ही अंगांना. जून २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू पेंट्सने ड्युलक्सवाली अक्झो नोबेल इंडिया विकत घेण्याचा करार जाहीर केला. जुन्या कंपन्या गप्प बसणार नव्हत्याच. दुकानदाराला स्कीम, पेंटरला बादलीतलं टोकन, गिऱ्हाइकाला सूट असा धुरळा उडाला. मोठ्या कंपन्यांनी स्वतःची रंगकाम सेवाही चालवली आहे. त्यांचा माणूस येतो, मशीनने माप घेतो आणि छापील अंदाजपत्रक हातात देतो.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आलं. लगेच मालक लोक म्हणायला लागले, "जीएसटी कमी झालाय, रेट खाली घ्या." पण रंगावरचा कर जुलै २०१८ मध्येच २८ वरून १८ झाला होता आणि आजही १८ च आहे. या बदलात रंगाच्या बादलीला काहीच मिळालेलं नाही. हे मालकाला शांतपणे सांगता आलं पाहिजे. बरेच पेंटर इथेच मान डोलावतात आणि रुपया-दीड रुपया सोडून मोकळे होतात.

पहिली चूक : मापाआधी भाव

फोनवर प्रश्न येतो, "स्क्वेअर फुटाला काय घेणार?" आणि आपण आकडा सांगून टाकतो. भिंत बघितलेली नाही, माप घेतलेलं नाही. तिथेच अर्धा ठेका बुडतो.

घरकामात एक ठोकताळा चालतो : कार्पेट एरिया गुणिले साडेतीन. दुकान-ऑफिसला तो लावू नये. आपल्या ठेकेदाराचं ऑफिस ४० बाय ३० फुटांचं, उंची १० फूट. ठोकताळ्याने १,२०० गुणिले साडेतीन म्हणजे ४,२०० चौरस फूट झाले. प्रत्यक्ष माप असं :

चार भिंती : १४० फूट घेर गुणिले १० = १,४००
छत : १,२००
पार्टिशन : ६० फूट लांब, दोन्ही बाजू = १,२००
एकूण : ३,८००
वजा समोरची काच, दारं, खिडक्या : ३७२
उरले : ३,४२८, म्हणजे ३,४३० धरू.

ठोकताळा आणि टेप यांत ७७० फुटांचा फरक. मालकाच्या इंजिनिअरने टेप लावली की तुम्ही खोटे ठरता. उलट हेच ऑफिस १४ फूट उंच असतं तर माप ४,४६८ आलं असतं आणि ठोकताळ्याने २६८ फूट फुकट रंगवावे लागले असते. शिवाय १४ फुटांना घोडी पुरत नाही, परांची लागते, तिचं भाडं वेगळं.

दारं-खिडक्या किती वजा करायच्या यावर हमखास भांडण होतं. सरकारी कामात वापरली जाणारी मोजमापाची पद्धत आयएस १२०० मध्ये दिली आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा होत नाही. अर्धा ते तीन मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा होतं, त्याहून मोठं दोन्ही बाजूंनी. खासगी कामात हीच पद्धत चालवा किंवा दुसरी ठरवा, पण कोटेशनवर लिहा.

माल : डब्यावरचं कव्हरेज आणि भिंतीवरचं

पुढचे भाव उदाहरणासाठी धरलेले, गोल आकड्यांतले आहेत. तुम्ही आपल्या दुकानचे घाला, रीत तीच राहील.

इमल्शनच्या डब्यावर दोन हातांचं कव्हरेज लिटरला १३० फुटांच्या आसपास लिहिलेलं असतं. ते गुळगुळीत, तयार भिंतीचं असतं. जुन्या, ठिकठिकाणी लांबी भरलेल्या भिंतीवर ११० धरलेलं बरं. म्हणजे २७ लिटरऐवजी ३२ लिटर.

इमल्शन ३२ लिटर, २८० ने : ८,९६०
प्रायमर एक हात, ३० लिटर, १३० ने : ३,९००
लांबी, निम्म्या भिंतीला, ४० किलोची ३ पोती, ८५० ने : २,५५०
पॉलिश पेपर, रोलर, मास्किंग टेप, प्लास्टिक : २,५००
एकूण माल : १७,९१०

मास्किंग टेप आणि प्लास्टिकला घरकामात कोणी विचारत नाही. ऑफिसात मात्र टाइल्स, काच, काँप्युटर, खुर्च्या झाकल्याशिवाय ब्रश उघडता येत नाही. तसंच शेडचं. कंपनीचा गडद निळा किंवा लाल हवा असेल तर त्याचा बेस महाग पडतो आणि दोन हातांत तो झाकतही नाही. गडदवरून पांढऱ्यावर यायचं असेल तरी तिसरा हात लागतो. शेड ठरल्याशिवाय भाव देऊ नये तो यासाठी.

टोकनची एक गंमत सांगतो. बादलीतलं टोकन ही पेंटरची कमाई खरी, पण ती धरून रेट पाडला तर ती कमाई मालकाच्या खिशात गेली. टोकन हिशेबाच्या बाहेर ठेवा.

मजुरी : खरा खड्डा इथे

लांबी, घासणं, प्रायमर, दोन हात हे सगळं धरून एका माणसाचं दिवसाला १२० फूट तयार काम पडतं असं आमच्या ठेकेदाराचं म्हणणं. ३,४३० भागिले १२०, म्हणजे २९ हजेऱ्या. त्यात २० पेंटरच्या ९०० ने १८,००० आणि ९ हेल्परच्या ६०० ने ५,४००. एकूण २३,४००.

पण ऑफिस दिवसा चालू होतं. काम रात्री ९ नंतर. रात्रीची हजेरी दीडपट. २३,४०० चे ३५,१०० झाले. म्हणजे फुटाला जवळपास साडेतीन रुपये इथेच गेले, आणि भाव ठरवताना या साडेतीन रुपयांबद्दल अवाक्षरही निघालं नव्हतं! "कधी काम करायचं?" हा प्रश्न त्यांनी भाव सांगितल्यावर विचारला. आधी विचारायला हवा होता.

दुकान-ऑफिसच्या कामात मजुरी खाणाऱ्या आणखी तीन गोष्टी आहेत. एक, थांबून राहणं. सुताराचं फर्निचर संपलेलं नाही, एसीवाला यायचाय, फॉल्स सिलिंगचे सांधे ओले आहेत. पोरं साइटवर बसून राहतात आणि हजेरी चालू राहते. दोन, टचअप. रंग संपल्यावर सीसीटीव्हीवाला भोक पाडतो, इलेक्ट्रिशियन काळे हात भिंतीला पुसतो आणि मालक फोन पेंटरला करतो. तीन, जुना ऑइल पेंट घासणं. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं. ती धूळ पोरांच्या छातीत जाते. मास्क आणि ओल्या घासणीचा खर्च हा काही चोचला नव्हे.

मजूर मिळणं हाही एक वेगळाच त्रास झालाय. चांगला हात असलेला पोरगा गोव्यात जातो, तिथे हजेरी बरी मिळते. जो इथे राहतो त्याला पडेल भावात राबवलं तर पुढच्या मोसमात तोही चोर्ला घाट उतरतो.

ठेकेदार स्वतः फुकट राबतो

बी.कॉम.ला कॉस्टिंगचा पेपर होता तेव्हा "मालकाचा पगार खर्चात धरा" हे वाक्य पाठ करून सोडून दिलं होतं. त्याचा अर्थ या हिशेबाला बसल्यावर कळला. आमचे गृहस्थ आठ रात्री साइटवर उभे होते. त्यांची १,२०० ने हजेरी धरली तर ९,६०० होतात. त्यांनी धरले होते शून्य. वाहतूक आणि परांचीचे ४,०००. फोन, गाडी, हिशेबनीस, झिजलेले ब्रश, मधल्या काळातलं व्याज यासाठी १० टक्के. आणि त्यावर नफा १५ टक्के.

दिवसा काम असतं तर :
माल १७,९१० + मजुरी २३,४०० + वाहतूक-परांची ४,००० + स्वतःची हजेरी ९,६०० = ५४,९१०
वरखर्च १० टक्के धरून ६०,४०१
नफा धरून ६९,४६१, म्हणजे फुटाला सव्वावीस रुपये.

रात्रीचं काम :
थेट खर्च ६६,६१०, वरखर्चासह ७३,२७१
नफा धरून ८४,२६२, म्हणजे फुटाला साडेचोवीसच्या वर.

आणि त्यांनी घेतले १६. बिल झालं ५४,८८०. माल, रात्रीची मजुरी आणि वाहतूक मिळून नुसता रोख खर्चच ५७,०१० होता. म्हणजे आठ रात्री जागून, वर खिशातले २,१३० रुपये घालून त्यांनी दुसऱ्याचं ऑफिस रंगवून दिलं. पिग्मी का मोडली याचं उत्तर इथे आहे.

दिवसा काम असतं तरी १६ ने फक्त माल, मजुरी आणि स्वतःचा रोज निघाला असता. त्यातही ३० रुपये कमीच. मग १६ हा भाव आला कुठून? तर शेजारच्याने १७ सांगितला होता म्हणून. शेजारच्याने तो कुठून आणला हे कोणी विचारत नाही.

"दहा टक्के सोडा की"

सौदा तुटता तुटता मालक म्हणतो, "राहू दे, दहा टक्के सोडा." ऐकायला फार वाटत नाही. पण ६९,४६१ चे दहा टक्के ६,९४६ होतात आणि तुमचा नफा आहे ९,०६०. हातात उरले २,११४. सूट पूर्ण बिलावर द्यावी लागते, पण जाते ती सगळी नफ्यातून.

भाव कमी करायचा तर काम कमी करा. छत सोडा, प्रायमर फक्त लांबीच्या जागी मारा, मधली कंपनी घ्या, रात्रीऐवजी दोन रविवार मागा. तेवढंच काम, तोच माल आणि भाव कमी, असं कबूल केलं की पेंटर मग दुसऱ्या हातात पाणी वाढवतो. मालकही फसतो. सहा महिन्यांत भिंत बोलते.

शिनोळीचं काम आणि दोन राज्यांचा कर

आता आपल्या भागाचा खास प्रश्न. बेळगावच्या पेंटरला शिनोळी, चंदगड, गडहिंग्लज, कागल, पणजी ही सगळी आपलीच गावं. जीएसटीला मात्र तसं वाटत नाही. इमारतीवरच्या कामाचं ठिकाण म्हणजे ती इमारत जिथे आहे ते राज्य. कर्नाटकातल्या ठेकेदाराने शिनोळीत भिंत रंगवली की ते आंतरराज्य काम झालं आणि बिलावर आयजीएसटी १८ टक्के लागला.

यात चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला नोंदणी लागत नाही, आणि सेवेच्या बाबतीत ही सवलत आंतरराज्य कामालाही आहे. फक्त अशा ठेकेदाराने बिलावर जीएसटी लावायचा नाही.

सेवा देणाऱ्यांसाठी ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे, उलाढाल ५० लाखांपर्यंत. ती घेतली असेल तर कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, मालावरचा कर वजा मिळत नाही आणि आंतरराज्य काम करता येत नाही. सीमेवरच्या माणसाला ही तिसरी अट महागात पडते. अर्ज करण्याआधी वर्षातली किती कामं हद्दीपलीकडची असतात ते मोजा.

नियमित नोंदणी असेल तर रंगावर भरलेला कर वजा मिळतो. आपल्या उदाहरणात १७,९१० च्या मालात सुमारे २,७०० रुपये कर आहे. पण काम कोल्हापुरात आहे म्हणून तिथल्याच दुकानात काउंटरवर रंग घेतला, तर त्यावर महाराष्ट्राचा राज्य जीएसटी लागतो आणि तो कर्नाटकच्या नोंदणीला वजा मिळत नाही. रेट ठरवताना हे धरा, नाहीतर बेळगावातून माल न्या. ५०,००० रुपयांवरचा माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल लागतं, ते विसरू नका.

समोरचं गिऱ्हाईक कोण हेही बघा. शोरूम किंवा कोचिंग क्लास स्वतः जीएसटी भरत असेल आणि हा खर्च दुरुस्ती-देखभालीत दाखवत असेल, तर तुमचा १८ टक्के त्याला वजा मिळतो. तो घाबरत असेल तर त्याच्या सीएला विचारायला सांगा. दवाखान्याच्या सेवेवर करच नाही, त्यामुळे डॉक्टरला मात्र तुमचा १८ टक्के पूर्ण अंगावर बसतो. तिथे नोंदणी नसलेला पेंटर स्वस्त दिसणारच.

पैसे कधी येणार?

भाव बरोबर आला तरी पैसे तीन महिन्यांनी आले तर काय उपयोग? सोसायटीचं किंवा हातउसनं कर्ज महिन्याला २ टक्क्यांनी असेल तर ५०,००० चे तीन महिन्यांत ३,००० गेले. म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा.

सूक्ष्म आणि लघू उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन २००६ च्या कायद्यात आहे. पण माल-मजुरी एकत्र असलेल्या ठेक्याला ते लागू होतं का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. त्यामुळे कायद्याच्या भरवशावर न राहता टप्पे लिहून घ्यावेत : ४० टक्के आगाऊ, प्रायमर झाल्यावर ३०, शेवटच्या हातानंतर २५ आणि टचअपनंतर ५. आगाऊ द्यायला जो अडतो तो पुढेही अडणार.

कंपनी, बँक किंवा संस्था बिलातून टीडीएस कापते. एकट्या ठेकेदाराला १ टक्का, एक बिल ३०,००० च्या वर असेल तर. पॅन दिला नाही तर मात्र २० टक्के. कापलेला पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरलं की हिशेबात येतो. तो खर्चात धरू नका, पण हातात कमी येणार हे लक्षात असू द्या.

आणि पलीकडच्या राज्यातल्या गिऱ्हाइकाचा चेक परत आला तर? चेक आपल्या खात्यात भरला असेल तर खटला आपली बँक शाखा जिथे आहे तिथे दाखल करता येतो. २०१५ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. बेळगावच्या माणसाला त्यासाठी कोल्हापूर-पणजीचे हेलपाटे नकोत.

कागदावर काय हवं

आपल्याकडे बोलणं कन्नड-हिंदीत होतं, कोटेशन इंग्रजीत मागतात आणि हिशेब डोक्यात मराठीत चालतो. या तिन्हींच्या मध्ये अटी गळून पडतात. कुठल्याही भाषेत लिहा, पण या सात ओळी लिहाच :

१. मोजलेलं क्षेत्र आणि वजावटीची पद्धत.
२. कंपनी, मालाचं नाव, शेड, किती हात.
३. कामाची वेळ, दिवसा की रात्री.
४. फर्निचर कोण हलवणार, कोण झाकणार.
५. भिंतीतली ओल आणि गळती दुरुस्तीत नाही. आपल्याकडचा पाऊस बघता ही ओळ सोन्याची आहे.
६. दुसऱ्या कारागिरांमुळे थांबलेल्या दिवसाची हजेरी आणि त्यांनी खराब केलेल्या भिंतीचा टचअप वेगळा.
७. पैशांचे टप्पे, जीएसटी आत की बाहेर, भाव किती दिवस कायम.

हे सगळं लिहिल्यावर काही कामं जातील. आमच्या ठेकेदाराचंही परवा एक गेलं. दवाखान्याचं काम होतं, त्यांनी माप घेऊन २१ सांगितले, दुसऱ्याने १५ ला उचललं. त्यांना वाईट वाटलं. पण १५ ने ते काम घेतलं असतं तर पुन्हा पिग्मीच मोडायची होती, आणि आता ती शिल्लकही नाही.

प्रश्न एकट्या ठेकेदाराने सुटणारा नाही. सुतार, गवंडी, प्लंबर यांच्यासारखा शहरातल्या पेंटर मंडळींनी वर्षातून दोनदा बसून हजेरीचा आणि फुटाचा किमान हिशेब ठरवला तर भाव पाडणाऱ्यालाही लाज वाटेल. कंपन्यांची छापील अंदाजपत्रकं येत आहेत, त्यांच्याशी टक्कर द्यायची तर कागदाला कागदानेच द्यावी लागेल. मालक लोकांनीही तीन कोटेशन आल्यावर सगळ्यात खालचं उचलण्याआधी एक विचारावं : यात पोरांची रात्रीची हजेरी कुठे आहे? ती कागदावर दिसत नसेल, तर ती कोणाच्या तरी घरातून जाणार आहे.